फोटोत नसलेली माणसं

पहाटे साडेचार

वारीच्या दिवसांत पंढरपुरात गजर लावावा लागत नाही. आमचा स्टुडिओ प्रदक्षिणा मार्गाला लागून असलेल्या बोळात आहे; खाली दुकान, वर घर. मंदिरात काकडा सुरू व्हायच्या आधीच खालून टाळ वाजत जातात. आज वसंत पंचमी, शुक्रवार. माघी एकादशी सहा दिवसांवर आहे, पण लांबच्या गावांची माणसं आधीच उतरली आहेत आणि चंद्रभागेत बुडी मारून ओल्या पंच्यानं कुडकुडत परतताहेत.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कळसाचं दर्शन घेऊन येतात तोवर मी रात्री चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या काढते. कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करण्याआधी कालचं काम दोन्ही डिस्कवर उतरलंय ना, ते पुन्हा बघते. हे ड्रोनची पाती तपासत बसतात. मुलगी बारावीला, परीक्षा पुढच्या महिन्यात. ती गोधडी पांघरून फिजिक्स घोकत असते. आज ठरलेली कामं दोन: सकाळचं दुकान आणि दुपारचं एक लग्न. तिसरं काम न सांगता येतं, आणि बहुतेक दिवशी तेच मोठं निघतं.

साडेसहा

शटर उघडायचा मान आबांचा. माझे सासरे, अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी शटरला कुणाला हात लावू देत नाहीत. उदबत्ती आधी विठोबाच्या तसबिरीला, मग काचेच्या कपाटातल्या लाकडी कॅमेऱ्याला. तो त्यांच्या वडिलांचा. पितळी लेन्सचा, काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते, एरवी उदबत्तीवर भागवावं लागतं. आबांचा स्वतःचा कॅमेरा यशिका. त्यात १२० चा रोल घालायचा, चौकोनी बारा फोटो निघायचे. परदेशी फिल्मची मारामार, म्हणून पूर्व जर्मनीची ओर्वो, नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्यातली इंदू. दोन रोलमध्ये, म्हणजे चोवीस फोटोंत, त्यांनी अख्खी लग्नं बसवली आहेत. मी आज दुपारी एकटी हजाराच्या पुढे काढीन, आणि त्यातले चोवीस तरी त्यांच्यासारखे निघतील का, याची खात्री देत नाही.

आबा आता फोटो काढत नाहीत, पण गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवणं, मान किती वळवायची ते सांगणं अजून त्यांच्याकडेच आहे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करण्यात त्यांचा हात नावाजलेला होता. सुरकुती हलकी करायची, पुसायची नाही, हा त्यांचा धडा. मी फोटोशॉप उघडून बसते तेव्हा ते मागून येऊन तेवढंच तपासतात.

दुकानाच्या भिंतीवर विकायच्या फ्रेमा लावलेल्या असतात. ज्ञानोबा, तुकोबा, जनाबाई चित्रकारांच्या हातचे. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ साली गेले, शिर्डीचे साईबाबा १९१८ साली, गाडगेबाबा १९५६ साली. हे कॅमेऱ्यासमोर आलेले. भाविक हात दोघांनाही सारखेच जोडतो, पण स्वामींची फ्रेम घेताना हमखास विचारतो, "चित्र नको, खरा फोटो आहे का?" गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्या आणि ती विस्कटलेली दाढी एखाद्या चित्रकारानं नीटनेटकी करून टाकली असती. कॅमेऱ्यानं ती तशीच ठेवली. पंढरीत गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधणारा माणूस स्वतः कसा राहत होता, ते त्या फोटोत दिसतं. माझा या धंद्यावर विश्वास बसला तो असल्या फोटोंमुळे. लग्नाच्या चकचकीत अल्बममुळे नाही.

साडेसात

पहिली भवानी वारकऱ्यांची. परभणीकडचं एक जोडपं.

"माउली, असाच काढायचा," म्हणत म्हाताऱ्यानं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. त्यात त्याचे आईबाप, आणि मागे आमचाच पडदा. हा पडदा आबांच्या उमेदीत एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं रंगवलेला आहे. मधोमध विटेवरचा विठोबा, शेजारी रखुमाई, एका अंगाला मंदिराचं शिखर, खाली चंद्रभागेत दोन होड्या. रखुमाईचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झालाय. यांनी मध्यंतरी फ्लेक्सचा नवा पडदा करून आणला. त्यावर सगळं अचूक आहे आणि कॉलेजची पोरं त्याच्यापुढे उभी राहतात. वारकरी मात्र जुनाच मागतो, कारण त्याच्या बापाचा फोटो त्याच्यापुढे निघालेला असतो. वारी जशी घराण्यात चालत येते, तसा हा फोटोही चालत येतो. आईबाप गेले की त्यांच्या जागी मुलगा-सून उभी राहतात, तोच वीणा हातात, तेच पितळी वृंदावन डोक्यावर. वीणा आणि वृंदावन दोन्ही दुकानाचं.

हा फोटो वाटतो तितका सोपा नाही. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी आणि उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतं. एवढं पांढरं दिसलं की ते उजेड कापतं आणि तोंड काळंठिक्कर पडतं. उजेड वाढवावा तर धोतराच्या चुण्या नाहीशा होतात. म्हणून समोरून फ्लॅश मारायचा नाही. एका बाजूनं छत्रीतून मऊ उजेड, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता, आणि हिशेब चेहऱ्याचा. कपाळावरचा बुक्काही दिसला पाहिजे. तो सावळ्या कपाळावर हरवतो, बाजूच्या उजेडात त्याची पूड वेगळी कळते.

वारकरी फोटोत हसत नाहीत, आणि त्यांना हसा म्हणायचंही नसतं. देवापुढे उभं राहिल्यासारखे ते लेन्सपुढे उभे राहतात. आबा फक्त बाईंचा पदर सारखा करायला सांगतात आणि मी बटण दाबते. दोन प्रती, लॅमिनेशन करून. गावी परत जाताना कुठं पाऊस, कुठं घाम. कागद उघडा देऊन चालत नाही.

नऊ

आता पासपोर्टवाले. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागं पांढरं, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चकाकी नको. कॉलेजचा फॉर्म, बँकेचं केवायसी, निराधार योजनेचा अर्ज. या कामात कला नाही, पण वीजबिल यावर निघतं.

पासपोर्ट फोटोला मी हसत होते, ते जुलै २०२४ पर्यंत. त्या महिन्यात 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले आणि १७ तारखेला आषाढी. एकीकडे वारकऱ्यांचा लोंढा, दुसरीकडे आसपासच्या गावांतून कागदपत्रांची पिशवी घेऊन आलेल्या बायका. बोळ भरून गेला होता. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा एकटीचा असा तो पहिलाच फोटो. लग्नातला नवऱ्याशेजारचा होता, जत्रेतला पोरांसोबतचा होता, पण चौकटीत आपण एकट्या, असं कधी झालेलं नव्हतं. स्टुलावर बसल्या की शेजारी कुणासाठी तरी जागा सोडून बसायच्या. मधोमध सरका म्हटलं की लाजायच्या. एकजण हातात फोटो घेऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्या अशी दिसती व्हय?" अर्जाला एक लावला, बाकीचे कमरेच्या चंचीत ठेवून गेली.

साडेदहा

दोन भाऊ आणि त्यांची मधली बहीण आले. माढा तालुक्यातल्या सीनाकाठचे. आई गेल्या आठवड्यात वारली, उद्या सकाळी चंद्रभागेवर दशक्रिया. तसबीर हवी होती. न सांगता येणारं तिसरं काम ते हे.

अडचण अशी की फोटोच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. लोखंडी पेटीतल्या अल्बमचा पार गोळा झाला. त्यांनी तो उन्हात वाळवला आणि मग एकेक फोटो ओढून सोडवला. याच्या तोंडाचा रंग त्याच्या पाठीला गेला. खरं म्हणजे लॅबमध्ये धुतलेले फोटो भिजून एकमेकांना चिकटले तर वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवायचे, आपोआप सुटे होऊ द्यायचे आणि सावलीत सपाट पसरायचे. पुरानंतर असे पुष्कळ अल्बम आमच्या न्हाणीघरातल्या टबात पडून होते. पण चिखलातून आधी धान्य काढायचं की फोटो, हा प्रश्न ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला विचारून बघावा.

आधार कार्डावरचा फोटो होता. तो बघून थोरला म्हणाला, "ह्यो लावला तर आई सपनात येऊन शिव्या दील." उरला एकच, बहिणीच्या घरी जपलेला. तिच्या लग्नातला, १९९८ सालचा. पुढे वऱ्हाडी मंडळी पंगतीला बसलेली आणि मागे, एका जाड्या पाहुण्याच्या खांद्याआड, हातात जिलेबीची परात घेतलेली बाई. अर्धी वळलेली. हनुवटी पाहुण्याच्या खांद्यामागे. तेवढ्या मोठ्या लग्नात आईचा तो एकच फोटो, आणि तोही तिचा म्हणून काढलेला नाही, पंगतीचा म्हणून काढलेला.

हनुवटीपेक्षा मोठा वाद कपाळाचा होता. वडील २००४ साली गेले. १९९८ च्या फोटोत आईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र. थोरल्याचं म्हणणं, दोन्ही काढा. शेवटी ती तशी नव्हती, भावकी नावं ठेवील. धाकटा गप्प. बहीण म्हणाली, "आईच्या कपाळाला हात लावायचा न्हाई." आबांनी दोघांकडे पाहिलं आणि संध्याकाळी सातला यायला सांगितलं. चेहरा आधी निघू दे, कपाळाचं मग बघू.

बारा

आज मंदिरात देवाचंही लग्न. वसंत पंचमीला दुपारी बाराच्या सुमाराला विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो. आजपासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख आणि त्यावर गुलाल. आत्या तिकडे अक्षता टाकायला गेल्या, आम्ही गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात. शुक्राचा अस्त असल्यामुळे पंचांगात सध्या मुहूर्त नाहीत, पण नवरा मुलगा फौजी. सुट्टी सरकार देतं, पंचांग देत नाही. गुरुजींनी काढीव मुहूर्त दिला, बारा पस्तीसचा.

लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे ज्याला जेवायला सगळ्यांत शेवटी मिळतं तो माणूस. ड्रोनवर हे, व्हिडिओवर एक पोरगा, स्टेजवर मी. मामा मुलीला घेऊन आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. पूर्वी या वेळी लोकांच्या मुठीत अक्षता असायच्या, आता एका हातात अक्षता आणि दुसऱ्यात मोबाइल. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी नवरीच्या तोंडापुढे किमान दहा फोन असतात. मी तक्रार करत नाही. त्या फोनमधला एखादा हलका-धूसर फोटो कधीतरी कुणाच्या उपयोगी पडेल. मी फक्त अंतरपाटाच्या बाजूला, गुरुजींच्या कोपराजवळ जागा धरते. तिथून दोघांच्या नजरा मिळतात तेवढं दिसतं आणि फोन दिसत नाहीत.

पण आजचा माझा खरा फोटो त्याच्या दोन मिनिटं आधीचा. आमच्याकडे कित्येक घरांत मुलीची आई अक्षता पडताना मांडवात थांबत नाही. ती तुळशीपाशी बसते, पाणी घालते. रीत म्हणून ठीक आहे, पण त्यामुळे लग्नाच्या सगळ्यांत मोठ्या फोटोत मुलीची आई कधीच नसते. मी चौथं मंगलाष्टक चालू असताना व्हिडिओवाल्या पोराला स्टेजवर उभं केलं आणि मागे गेले. कार्यालयाच्या मागच्या बाजूला, गॅसच्या टाक्या आणि ताटांच्या ढिगाजवळ, कुंडीतली तुळस. आई समोर बसलेली, हातात तांब्या, कान स्पीकरकडे. दोन फोटो काढले आणि पळत परत आले. तिच्या ते लक्षातही आलं नाही. हा फोटो ऑर्डरमध्ये नसतो, यादीत नसतो, आणि अल्बम बघताना मुलगी याच पानावर थांबते.

मग कन्यादानाच्या वेळी बापाचे डोळे, सप्तपदी, झाल, सूनमुख. सूनमुखाच्या आरशात सासू आणि सून दोघी एकदम पकडायच्या तर गुडघ्यावर बसावं लागतं. माझे गुडघे आता कुरकुर करतात. आचाऱ्याचा एक काढला, वाढप्या पोरांचा एक, नवऱ्याच्या आजीचा एक. तिला सगळे स्टेजवर चला म्हणत होते आणि ती खुर्ची सोडायला तयार नव्हती. मग खुर्चीतच. नातू गणवेशात येऊन तिच्या पायाशी बसला.

साडेचार

घरी आले तर आत्या गुलालानं माखलेल्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, आणि वर देवाच्या लग्नाचं साग्रसंगीत वर्णन: फुलांची आरास कशी, मंगलाष्टकं कोणी म्हटली, धक्काबुक्कीत चप्पल कशी हरवली. त्यांना विचारलं, फोटो काढला का कुणी? तर म्हणाल्या, "देवाचं लग्न फोटोत बघायचं असतं व्हय?" फोटो स्टुडिओच्या मालकिणीचं हे मत आहे. त्यापुढे मी बोलत नाही.

जेवता जेवता कार्डं उतरवायला लावते आणि डिस्कवर जुन्या लग्नांच्या फोल्डरांची रांग दिसते. ती दिसली की मला कोरोनाचे दिवस आठवतात. १७ मार्च २०२० ला विठोबाचं दार भाविकांना बंद झालं आणि दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. मधल्या आषाढीला, १ जुलैला, पालख्या एसटीच्या बसमधून आल्या. आमच्या बोळात आषाढीला माणूस नाही, हे आबांनीही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. लग्नं नाहीत, वारी नाही, शाळा बंद म्हणून पासपोर्टही नाहीत. त्या वर्षी आत्यांनी घरात विठोबाला रोज एकच गोष्ट सांगितली, की तू तुझं दार उघड, आमचं शटर आपोआप उघडेल.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये शटर अर्धं उघडं होतं आणि काम एकच: तसबिरी. फोन यायचा, "ताई, आमच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत का तुमच्याकडं? त्यात आमचे अण्णा असतील." मी त्या लग्नाचं फोल्डर उघडायचे. फेटा बांधलेले, पानाचा विडा गालात धरून हसणारे अण्णा. फेटा राहू द्यायचा, मागचा मांडव काढायचा, पाठीमागे आकाशी रंग. लग्नात मी काढलेल्या माणसांच्या तसबिरी त्याच डिस्कवरून निघत होत्या. तेव्हापासून पैसे चुकते झाले, अल्बम दिला, तरी आम्ही लग्नाचं फोल्डर पुसत नाही. यांचा डिस्कांवरच्या खर्चावरून अधूनमधून आवाज चढतो. चढू दे.

साडेपाच

सीनाकाठच्या आईला घेऊन बसले. १९९८ चा फोटो पोस्टकार्ड आकाराचा, त्यात तिचं तोंड करंगळीच्या नखाएवढं. १२०० डीपीआयला स्कॅन केला. मुलीनं मध्येच येऊन सांगितलं, एआयवर टाक, दोन मिनिटांत होईल. टाकला. दोन मिनिटांत झालाही: त्वचा तुकतुकीत, डोळे पाणीदार, दात मोजून घ्यावेत असे. आबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?" बरोबर होतं त्यांचं. जिथे फोटोत माहिती नसते तिथे हे यंत्र जगातल्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाज भरतं, आणि अंदाज कुणाची आई नसतो. धूळ, ओरखडे, पिवळेपणा घालवायला मी एआय वापरते, बिनदिक्कत वापरते. डोळे, नाक, ओठ यांना हात लावू देत नाही.

हनुवटीचा तोडगा आबांचा. त्यांनी बहिणीला फोन करायला लावला आणि सहालाच बोलावून घेतलं. "लेकीची हनुवटी आईची हाय, सकाळीच बघितलं म्या." तिला स्टुलावर बसवली, मान फोटोतल्या आईइतकी वळवली, उजेड त्याच बाजूनं आणि तितकाच वरून. तो फोटो शेजारी ठेवून मी आईच्या हनुवटीची रेघ बेतली, सावली धरली, गळ्याची सुरकुती परत आणली. लेकीची हनुवटी जशीच्या तशी चिकटवली नाही; वयाचा फरक असतो, हाडाचा नसतो. पाऊण तास लागला. बहीण मागे उभी राहून बघत होती. एका क्षणी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बास, आता नका काई करू. आली."

सात

भाऊ आले. स्क्रीनवर आईचा चेहरा, कपाळावर कुंकू तसंच. थोरल्यानं टोपी काढली. बराच वेळ झाल्यावर पुन्हा तोच विषय: कुंकू.

हा प्रश्न आमच्या काउंटरवर वारंवार येतो, आणि दर वेळी मला राग येतो, तो गिळावा लागतो. अहेवपणी गेलेल्या बाईच्या तसबिरीत लोक कुंकू मोठं करून मागतात, आणि विधवा म्हणून गेलेल्या बाईच्या फोटोतलं पुसून मागतात. जिवंतपणी एकदा पुसलेलं मेल्यावर फोटोतही पुसायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं राज्यातल्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव जिवंत बायकांसाठी आहे. तसबिरीतल्या बायकांसाठी कुठल्या ग्रामसभेत ठराव होणार? तो आमच्यासारख्यांच्या माउसवर येऊन थांबतो.

थोरला म्हणाला, "भावकी बोलंल."

बहीण म्हणाली, "बोलू दे. भावकीकडं फोटो होता का?"

त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. फोटो लेकीनं अठ्ठावीस वर्षं जपला, तेव्हा कुंकवाचा निर्णय तिचा. मी तोंडानं काही बोलले नाही. बारा बाय अठराची प्रिंट कुंकवासकट सोडली. धाकटा पहिल्यांदा बोलला: पंगतीचा मूळ फोटोही मोठा करून द्या, परातीसकट. थोरल्यानं काच स्वतःच्या उपरण्यानं पुसली, लाकडी पट्टीची फ्रेम निवडली आणि पैसे द्यायला आबांसमोर उभा राहिला. आबांनी फ्रेमचे घेतले, कामाचे अर्धेच. हा त्यांचा जुना हिशेब आहे, दशक्रियेच्या फोटोला अर्धेच. दुकान चालवताना तो परवडत नाही, आणि तो मोडायची माझी छाती होत नाही.

नऊ

शटर खाली. जेवण, मुलीची दोन गणितं, आत्यांचा हरिपाठ. मग पुन्हा काम. दुपारच्या लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर, नवऱ्या मुलाकडच्यांना व्हॉट्सॲपवर पहिले वीस. पाठवताना मी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवते. नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार घटवतं, आणि पुढे कधी मोठा करायचा म्हटलं की त्यात काही उरलेलं नसतं. मुलीच्या आईचा तुळशीजवळचा फोटो मी वेगळा तिच्या लेकीला पाठवला. अजून निळ्या खुणा झालेल्या नाहीत. सासरी आज पहिला दिवस, फोन कुठे बघणार.

झोपण्याआधी वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. तुमच्या घरात एक माणूस असं असेल जे प्रत्येक समारंभाला होतं आणि कुठल्याच फोटोत नाही. वाढत होतं, चहा टाकत होतं, किंवा कॅमेरा त्याच्याच हातात होता. या आठवड्यात त्याला खिडकीजवळ खुर्चीवर बसवा, उजेड बाजूनं येऊ द्या आणि एकट्याचा एक फोटो काढा. तो फोनमध्ये ठेवू नका, छापून घ्या. मागच्या बाजूला कडेला नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे उमटतं. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, लेकीच्या घरी ठेवा.